राजीनामा देऊ का?

प्रश्न : पुण्यात एका कंपनीत ४ वर्षं आहे. नवीन मॅनेजर मीटिंगमध्ये माझ्या कपड्यांवर, अंगावर कमेंट करतात, रात्री ११ नंतर नको ते मेसेज टाकतात, मी उत्तर देत नाही म्हणून आता सगळ्यांसमोर कामावरून झापतात. एचआर म्हणतं राजीनामा दे आणि सुट. काय करू?

उत्तर : ताई, आधी एक करा, राजीनाम्यावर सही करू नका. तुम्ही सांगताय ते लैंगिक छळातच मोडतं आणि त्यासाठी २०१३ चा कायदा आहे. नुसत्या ओरडण्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही हे खरं, पण नकार दिला म्हणून कामावरून त्रास देणं हे याच कायद्यात येतं. १० किंवा जास्त माणसं असतील तर ऑफिसात अंतर्गत समिती असायलाच हवी, अध्यक्ष बाई, निम्म्या तरी सदस्य बायका आणि एक बाहेरची व्यक्ती. एचआर म्हणजे समिती नव्हे! लेखी तक्रार शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत द्या, सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही तर स्वतःकडे ठेवा, तारखा वहीत लिहा. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, तोवर तुमची किंवा त्यांची बदली किंवा तुम्हाला ३ महिन्यांपर्यंत जादा रजा मागता येते, ती लेखीच मागा. समितीच नसेल तर तसं लेखी विचारा, आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. घरी कुणाला तरी आजच सांगा, एकटीने सोसू नका.