विचारा, सांगतो: मोठ्या डॉक्टरांच्या खोलीला कुलूप

(नागपुरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झालेले आमचे स्तंभलेखक वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : आईला किडनीचा त्रास आहे. गावच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, ‘नागपूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवा.’ पहाटेच्या गाडीनं आलो. इथल्या एका सरकारी रुग्णालयात मोठ्या डॉक्टरांच्या खोलीला कुलूप. शिपाई म्हणाला, “ते पद खाली आहे भाऊ, दोन वर्सं झाले.” पद मंजूर, पगार मंजूर, नागपुरात डॉक्टर तर गल्लोगल्ली. मग माणूस काहून भेटत नाही?
– एक वाचक, आमगाव

उत्तर : भाऊ, मी डॉक्टर नाही, डॉक्टरांच्या फायली सांभाळणारा कारकून होतो. त्यामुळे आईच्या किडनीबद्दल बोलत नाही, कुलपाबद्दल बोलतो.

सेवापुस्तकाच्या पहिल्याच पानावर जन्मतारीख असते. म्हणजे साहेब रुजू होतात त्याच दिवशी ते कोणत्या महिन्याच्या अखेरीस घरी जाणार हे कारकुनाला ठाऊक असतं. तरीही पद रिकामं होण्याआधी हललेली फाईल मला नोकरीत क्वचितच दिसली. निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतो. आणि पुढच्या सोमवारी कुणाला तरी आठवतं, “अरे, त्या पदाचं काय?”

तिथून कागद निघतो. आधी बिंदुनामावली, म्हणजे हे पद कोणत्या प्रवर्गाच्या वाट्याचं ते ठरवायचं आणि मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायचं. मग लोकसेवा आयोगाला मागणीपत्र, म्हणजे ‘या पदासाठी माणूस निवडून द्या’ असा कागद. त्यात एक रकाना चुकला की शेरा मारून परत. मग जाहिरात, अर्जांची छाननी, मुलाखत, शिफारस, चारित्र्य पडताळणी, नेमणुकीचा आदेश. एवढं होईतो उमेदवार खासगीत स्थिरावलेला असतो. तो येतच नाही. पद पदोन्नतीनं भरायचं असेल तर वाट वेगळी, पण दगड तेवढेच: गोपनीय अहवाल, सेवाज्येष्ठता यादी, त्या यादीवर हरकती आणि हरकतींवर कोर्ट.

आता तुमचं ते ‘गल्लोगल्ली डॉक्टर’. खरं आहे. धंतोली-रामदासपेठेत एक चक्कर मारा, पाट्या वाचता वाचता मान दुखेल. पण कुलूप लागलेली ती खोली प्राध्यापकाची, आणि प्राध्यापक ही डिग्री नव्हे, पायरी आहे. बोटं मोजा. इंटर्नशिप धरून एमबीबीएस साडेपाच वर्षं. एमडी किंवा एमएस ३ वर्षं. सीनियर रेसिडेंट १ वर्ष. सहायक प्राध्यापक म्हणून ४ वर्षं, वर शोधनिबंध. सहयोगी प्राध्यापक म्हणून आणखी ३. झाली साडेसोळा. मेडिसिन-सर्जरीचा हा हिशेब. किडनीसारख्या विषयात मधे ३ वर्षांचं डीएम, म्हणजे एमडीच्याही वरची पदवी, वेगळं. अठराव्या वर्षी शिरलेला पोरगा एकही वर्ष वाया न घालवता पस्तिशीला टेकेल. असा पोरगा माझ्या टेबलासमोर कधी उभा राहिला नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की आज जो मोठा डॉक्टर तुम्हाला भेटला नाही, तो दहा वर्षांपूर्वी आमच्याच कार्यालयाच्या दारातून परत गेला. तेव्हा तो सहायक प्राध्यापक होता, १२० दिवसांच्या नेमणुकीवर. एकशेएकविसाव्या दिवशी तांत्रिक खंड, म्हणजे सलग नोकरी दिसू नये म्हणून कागदावर पाडलेली फट, मग पुन्हा नवा आदेश. ज्याला घरकर्जाच्या अर्जावर ‘कायम’ असं लिहिता येत नाही, त्याला किती दिवस धरून ठेवणार? असे आदेश मी स्वतः टाईप केलेत. एकाच डॉक्टरचे इतके झाले होते की फाईलला दोनदा नवा दोरा ओवला.

वरून तीच माणसं चौफेर लागतात. चंद्रपूरला २०१५ मध्ये, तुमच्या गोंदियाला २०१६ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं. व्हायलाच हवं होतं. पण इमारत दोन-तीन वर्षांत उभी राहते, प्राध्यापक राहत नाही. मग राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची तपासणी आली की इकडचे डॉक्टर तिकडे ‘तात्पुरते’ पाठवायचे. आता चेहरा ओळखणारी हजेरी आली, तेव्हा ती कसरत अवघड झाली असेल.

निवृत्तांना परत बोलावणं हा एक उपाय आहे. याच वैद्यकीय आयोगाच्या नियमात अध्यापक ७० वर्षांपर्यंत चालतो. ओपीडीत अशा माणसाचा फार आधार असतो. रात्री अडीच वाजता त्याला बोलवायचं का, हा प्रश्न मात्र उरतो.

तुमच्या हातात काय? आईसाठी: कुलूप पाहून परतू नका. त्या विभागाची ओपीडी कोणत्या वारी आणि युनिट, म्हणजे डॉक्टरांचं पथक, कुणाचं हे खिडकीवर विचारा. पद रिकामं असलं तरी युनिट कुणीतरी चालवतंच. मिहानमध्ये एम्स आहे. महात्मा फुले योजनेत बसत असेल तर काही खासगी रुग्णालयंही उघडी आहेत. ते रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, सांगेल. आणि राग आला असेल तर तो माहिती अधिकारात घाला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. पण ‘किती पदं रिक्त?’ असं विचारू नका, त्याचा तक्ता तयारच असतो. विचारा: ‘हे पद कोणत्या तारखेला रिक्त झालं आणि मागणीपत्र कोणत्या तारखेला लोकसेवा आयोगाकडे गेलं?’ या दोन तारखांमधलं अंतर लिहून द्यायला कोणत्याही आस्थापना शाखेला घाम फुटतो. मला फुटायचा.

प्रश्न : मी एमडी आहे. एका सरकारी महाविद्यालयात १२० दिवसांच्या नेमणुकीवर सहायक प्राध्यापक म्हणून काम करते. ही तिसरी नेमणूक. धंतोलीतल्या एका रुग्णालयानं दुप्पट पगार देऊ केला आहे. थांबू की जाऊ?
– एक डॉक्टर, नागपूर

उत्तर : ताई, थांबा म्हणायचा हक्क मला नाही, तुमच्यासारख्यांचा पगार दोन-दोन महिने अडकायचा तेव्हा ‘बजेट आलं नाही’ असं सांगणारा माणूस मीच होतो. गेलात तर कुणी बोट दाखवू नये.

थांबणार असाल तर मात्र कागद पक्के करा. वैद्यकीय शिक्षणाचा आणि संशोधनाचा असे दोन्ही छोटे कोर्स आत्ताच करून टाका, पुढच्या पायरीला त्यावाचून अडतं. लोकसेवा आयोगाची जाहिरात निघाली की ‘यंदा राहू दे’ म्हणू नका. पुढची कधी निघेल ते मागणीपत्र लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि रुजू झाल्याचा, कार्यमुक्त झाल्याचा, प्रत्येक खेपेचा आदेश घरी ठेवा, प्लास्टिकच्या पाकिटात. आमच्या कपाटावरचं छत पावसाळ्यात गळायचं.