आधी पगाराची स्लिप बघा, पॉलिसी नंतर

तुम्ही विचारलंय, नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात १९ हजार पगार आहे, घरी बायको, आई आणि ७१ वर्षांचे वडील. आजारपण आणि दातांसाठी सरकारी योजना बरी की खासगी विमा?

माझं म्हणणं, नवीन काही विकत घेण्याआधी हक्काचं आहे ते हातात घ्या. पगाराच्या स्लिपवर ईएसआयची, म्हणजे सरकारी कामगार विम्याची, कपात दिसते का बघा. २१ हजारांपर्यंत पगार असेल तर तुमच्याकडून ०.७५ टक्के कापतात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. त्यात बायको आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडीलही येतात. सातपूरला कामगार विमा रुग्णालय आहे. कितीतरी कामगार वर्षानुवर्षं पैसे भरतात आणि कार्ड मात्र कधी काढतच नाहीत, हे बघून जीव तुटतो. घरच्यांची नावं नोंदवलीत ना, तेही बघा.

वडील सत्तरीपुढचे आहेत, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आधारवर निघतं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत. बाकीच्यांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. आता पांढरं रेशनकार्डही चालतं. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : रुग्णालय योजनेत आहे का हे आधी विचारायचं आणि भरती होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठायचं. बिल भरून झाल्यावर योजना आठवून उपयोग नसतो. साध्या तापा-खोकल्याला त्र्यंबक रोडचं सिव्हिल आहेच. सरकारी आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

एवढं करूनही चार पैसे उरत असतील तरच खासगी पॉलिसी घ्या, आणि ती घेताना खोलीभाड्याची मर्यादा वाचा. आमच्या वडिलांची ३ लाखांची पॉलिसी होती, खोलीला दिवसाला १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये. खोली मिळाली ५,००० ची. आम्हाला वाटलं, वरचे दोन हजार आपण भरू. पण डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, सगळ्यालाच त्याच प्रमाणात कात्री लागली, विम्यातून तीन-पंचमांशच पैसे मिळाले. रात्री अकरा वाजता बिलाच्या खिडकीशी उभं राहून ते समजलं. एजंटने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. आईला बीपी-शुगर असेल तर फॉर्मवर लिहाच. जुन्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. लपवलंत तर क्लेमच अडकतो.

आता दात. रुग्णालयात भरती झाल्यावर खर्च देणाऱ्या पॉलिसीत दातांचं फारसं काही येत नाही, अपघातात जबडा दुखावला तर गोष्ट वेगळी. त्यामुळे दातांसाठी विमा शोधत बसू नका. ईएसआयमध्ये साधे उपचार होतात. नाहीतर पंचवटीत आग्रा रोडला महात्मा गांधी विद्यामंदिराचं दंत महाविद्यालय आहे. खासगी दवाखान्यापेक्षा खर्च बराच कमी. काम विद्यार्थी करतात, पण शिकवणारे डॉक्टर प्रत्येक टप्प्याला येऊन बघतात. वेळ मात्र भरपूर लागतो. आईच्या कवळीला आमच्या सहा खेपा झाल्या. तिथल्या मुलीने मापाचं मेण तीनदा काढून पुन्हा बसवलं, दर वेळी "आजी, इथे टोचतंय का?" विचारत. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि तो दिवस सुट्टीचा धरा. आई आता भाकरी दुधात न कुस्करता खाते.