रिव्हॉल्व्हर कधी कमरेला, कधी कपाटात?

प्रश्न : मी केळापूर तालुक्यात राहतो, कापसाची खेडा खरेदी करतो. शेतकऱ्यांचा चुकारा बहुतेक रोखीत असतो. मागच्या हंगामात पांदण रस्त्यावर दोघांनी मोटारसायकल आडवी घालून बॅग ओढली, थोडक्यात वाचलो. मग परवाना काढून .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलं. आता घरात दोन मतं आहेत. मोठा भाऊ म्हणतो, "कमरेले नाई लावाची त मंग घेतली कायले?" बायको म्हणते, लग्नाकार्यात, बाजारात नेऊ नका. कधी आदिलाबादलाही जावं लागतं. शेत टिपेश्वर अभयारण्याजवळ आहे. पुतण्या जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, जाताना ते मागतो. शर्टाखाली लपवून नेलं तर गुन्हा होतो का? न्यावं कुठं आणि कुठं नाही?

उत्तर : भाऊ, बॅग ओढली जात असताना तुम्ही सुखरूप सुटलात, हे फार बरं झालं. त्या प्रसंगानंतर शस्त्र घ्यावंसं वाटणं मी समजू शकतो.

आधी लपवण्याचं. लोकांचा समज आहे त्याच्या नेमकं उलट आहे. शस्त्र नियम २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये, अंगाला बांधलेलं, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात हवं. म्हणजे झाकणं हाच नियम आहे. गुन्हा होतो तो दाखवण्यात. पानठेल्यावर शर्ट वर सरकवून मूठ दिसू दिली, तरी परवाना रद्द होण्याची वेळ येऊ शकते. गाडीच्या डिकीत ठेवून चहाला उतरलात, तर ते तुमच्या ताब्यात राहिलं असं मी कोर्टात सांगू शकणार नाही.

आता कुठं न्यायचं. परवाना काढून त्यावर कोणतं क्षेत्र लिहिलंय ते आजच वाचा. फक्त महाराष्ट्र असेल, तर पाटणबोरीच्या पुढं पैनगंगेचा पूल ओलांडला की तो कागद निरुपयोगी होतो. तेलंगणा पोलिसांच्या हाती लागलात तर विनापरवाना शस्त्राचं कलम लावायला त्यांना जागा मिळते. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. आदिलाबादची फेरी नेहमीची असेल तर क्षेत्र वाढवून मिळावं म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. तोवर त्या फेरीला रिव्हॉल्व्हर घरी.

वहिनींचं म्हणणं कायद्याला धरून आहे. जत्रा, धार्मिक मिरवणूक, लोकांचा जमाव, शाळा-कॉलेजचं आवार, इथं खास परवानगीशिवाय शस्त्र नेऊ नये अशी अट परवान्यातच असते. अट मोडली तर शस्त्र कायद्याच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. लग्नात आनंदाच्या भरात कुणी गोळी झाडून जिवाला धोका केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही. शिवाय सणासुदीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्या दिवसांत परवानाधारकांना सूट आहे की नाही, हे आदेश वाचूनच ठरवा. निवडणुकीत शस्त्र परवान्यांच्या छाननी समितीनं रिव्हॉल्व्हर जमा करायला सांगितलं तर जमा करून पावती घ्या.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुमच्या एका दिवसात एकच काम नसतं. सकाळी बँकेतून रोकड काढायची, वाटेत मुलांना शाळेत सोडायचं, दुपारी तीन गावांत चुकारा, संध्याकाळी कुणाच्या तरी हळदीला. यातल्या रोकड घेऊन फिरण्याच्या तासांपुरतंच शस्त्राला कारण आहे. म्हणून आदल्या रात्रीच रस्ता आखा. शाळेचं काम दुसऱ्यावर सोपवा, चुकारा संपला की आधी घरी या, कुलपात ठेवा, मग हळदीला जा. बँकेत नेण्याआधी मॅनेजरशी बोलून ठेवा. दारूची बैठक असेल तर अजिबात नाही, इथं मी कुठलीही सवलत देणार नाही. दादांना माझ्या नावानं सांगा, परवाना स्वसंरक्षणासाठी आहे, चोवीस तास मिरवण्यासाठी नाही. अमेरिकेसारखा शस्त्राचा घटनादत्त हक्क आपल्याकडे नाही.

आणि प्रसंग आलाच तर? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८ आणि ४१ नं जिवावरच्या हल्ल्यात आणि जबरी चोरीत बचावाचा मोठा हक्क दिलाय, पण गरजेपुरताच. लुटारूनं तुम्हाला अडवून धरलंय, मारतोय किंवा तशी तत्काळ भीती आहे, तोवर हक्क जिवंत असतो. बॅग घेऊन तो पळत सुटला आणि धोका टळला, की कलम ४३ प्रमाणे हा हक्क संपतो. पाठीत झाडलेली गोळी बचाव ठरवणं कोणत्याही वकिलाला जड जातं, आणि बचाव होता हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. त्यापेक्षा पैसे जाऊ द्या. शक्य तिथं चुकारा खात्यावर पाठवा, रोकडीची वेळ आणि वाट बदलत राहा. त्या दोघांना तुमचा दिनक्रम माहीत असावा, असं पत्र वाचताना मला वाटलं.

पुतण्याला मात्र ठाम नाही म्हणा. तुम्ही सोबत नसताना ते त्याच्या हाती असलं तर तो विनापरवाना आणि तुम्ही देणारे, दोघंही अडकता. रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) पिकात आले म्हणून गोळी झाडणं ही वन्यजीव कायद्याखाली शिकार आहे. परवानगीशिवाय सूट आहे ती माणसाचा जीव वाचवण्यासाठी, कापूस-तुरीसाठी नाही. अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरायला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. आणखी एक, अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायचा तर त्यांची पूर्वसहमती लागते. तुमचं गाव त्या अंतरात असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या तुमच्या फाईलमध्ये ती सहमती आहे का, हे याच आठवड्यात तपासा. नसेल तर परवान्याची झेरॉक्स घेऊन मला भेटा, तोवर रिव्हॉल्व्हर कपाटाबाहेर काढू नका.