बदकं मान टाकतायत? उन्हाला दोष देण्याआधी तळ्याच्या कडा बघा

तुमच्या तळ्यातली बदकं मान टाकतायत, ऊन लागलं असेल का, आणि "खाऊ घालू नये" असा फलक लावावा का, ही तुमची पोस्ट वाचली आणि चार उन्हाळ्यांपूर्वीचं आमच्या वसाहतीचं तळं डोळ्यापुढं आलं. पाणी हिरवंगार, कडेला पावाचा लगदा, दोन बदकं पाय ओढत चाललेली, एकाला मान उचलत नाही, आणि सगळे म्हणतायत, "ऊन लागलं असेल." आम्हीही तेच म्हणालो होतो. सोलापूरचा मे महिना म्हटल्यावर कुणाला शंका येणार!

पाव का घालू नये हे इथं शंभरदा लिहून झालंय, ते सोडतो. माझी चूक वेगळी होती आणि तिच्यापायी सात बदकं गेली.

पहिलं मेलं ते कर्दळीच्या दाटीत. वास येत होता, पण माळी गावाला गेलेला, म्हटलं रविवारी बघू. रविवारी बांबूनं कर्दळ बाजूला केली, तर मढ्यावर पांढऱ्या अळ्या वळवळतायत आणि बाकीची बदकं त्या मजेत टिपून खातायत. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मढं उचललं ते सोमवारी, माळी आल्यावर. आठवडाभरात आणखी सहा गेली.

नंतर एका ओळखीच्या पशुवैद्यांनी समजावलं, हा बहुतेक बॉट्युलिझम. त्याचे जंतू गाळात पडूनच असतात. पाणी आटलं, तापलं, त्यातला प्राणवायू कमी झाला आणि कुजायला काही मिळालं की ते विष तयार करतात. मेलेल्या बदकाच्या अंगात तर ते भरपूर. अळ्यांना त्या विषाचं काही होत नाही, पण त्या खाणाऱ्या बदकाचे आधी पाय जातात, मग मान लुळी पडते. डोकं पाण्यावर धरता येत नाही, म्हणून कित्येक तर बुडूनच मरतात.

"बहुतेक" म्हणतोय, कारण पक्कं निदान झालंच नाही. मेलेलं बदक बर्फाच्या डब्यात घालून एका कार्यालयात नेलं होतं (नाव घेत नाही, परत तिथंच काम पडायचं). पहिलं टेबल म्हणालं, "कुणाच्या मालकीचं?" म्हटलं वसाहतीचं. "मग अध्यक्षांच्या सहीचं पत्र आणा." पत्र आणलं तर नमुना घेणारे साहेब दौऱ्यावर. तीन वाजता शिपाई म्हणतो, "ओ काका, वास यायलाय, बाहेर घेऊन थांबा की." बर्फ कधीच वितळला होता. तो डबा अजून माळ्यावर पडलाय, बायको घरात वापरू देत नाही.

म्हणून तुम्ही आजच तळ्याच्या कडेनं एक चक्कर मारा, झुडपात, पाइपाच्या तोंडाशी, सगळीकडं. मेलेलं काहीही दिसलं, अगदी मासासुद्धा, तर हातात जाड पिशवी घालून उचला आणि लांब खोल पुरा. लुळं पडलेलं बदक पाण्याबाहेर सावलीत ठेवा, मानेखाली फडक्याची चुंबळ द्या आणि दवाखाना गाठा. ड्रॉपरनं घशात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. मी डॉक्टर नाही, जे सोसलं ते सांगतोय. आणि कावळे, बगळे, बदकं एकदम मरायला लागली असतील तर कशालाच हात न लावता सरळ जनावरांच्या दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लूनं कोंबड्यांचं काय झालं ते आठवत असेल.

तळ्यात पाणी घालायचा विषय निघाला की भांडणं होणार, हे धरून चाला. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी आणि बदकांना टँकर, हे ऐकून घ्यावं लागतं. त्यापेक्षा पाणी घालायच्या आधी गाळ काढा, माझं ठाम मत आहे.

जाता जाता, नर फार झाले असतील (शेपटीवर वळलेलं पीस असतं तो नर) तर काही देऊन टाका, माद्यांच्या मानेची पिसं उपटतात. आणि पोरांना रानबदकं दाखवायची असतील तर हिवाळ्यात सकाळी दुर्बीण घेऊन सोलापुरातल्या कंबर तलावावर न्या. तिथं एक बदक दिसतं, चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके, म्हणून त्याचं नाव हळदी-कुंकू. रानबदकांना मात्र काहीच खायला घालायचं नाही, नुसतं बघायचं.

"खाऊ घालू नये" असा फलक लावावा का, असं विचारलंय तुम्ही. आम्ही लावला होता. पोरं त्याच्याच खाली उभी राहून पाव टाकायची. मग वॉचमनच्या खोलीपाशी भिजवलेल्या ज्वारीची छोटी बादली आणि एक वाटी ठेवली. रोज ताजी, कारण उन्हात लवकर आंबते. ज्याला घालायचं त्यानं एक वाटी घ्यायची, बादली संपली की त्या दिवसाचं संपलं. आता साडेसहालाच रिकामी होते, म्हणून उशिरा उठणाऱ्यांच्या तक्रारी चालू आहेत.