फरशी भिंतीला भिडते तिथे
घर-दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : डिसेंबरात हॉलला दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या. मे महिन्यात भर दुपारी मोठा आवाज झाला आणि मधली अख्खी ओळ उचलली गेली. टाइल्स खराब निघाल्या असं मिस्त्री म्हणतात. स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायथ्याशी लावतात त्या टाइलच्या पट्टीच्या) खालीही त्यांनी सिमेंट ठासून भरलं होतं. नेमकं काय चुकलं?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : टाइल्सला दोष देण्याआधी कडेला पाहा. ओळ मधली उचलली असली तरी दुखणं बहुतेक वेळा भिंतीलगत असतं. उन्हाळ्यात तुमच्याकडे पारा 45 च्या आसपास जातो, बंद हॉल तापतो आणि टाइल प्रसरण पावते. पाच मीटर लांबीच्या फरशीला 20 अंशांच्या फरकाने अर्धा ते पाऊण मिलिमीटर वाढ येते. शिवाय खालचं काँक्रीट वाळताना आकसतं, म्हणजे वरचा थर आणखी दाबला जातो. चारही बाजूंनी सिमेंट ठासलेलं असेल तर ही वाढ जाणार कुठे? ज्या टाइलखाली माल पोकळ राहिला असेल, तिथून ती वर येते.

म्हणून फरशी भिंतीला कधीच भिडवायची नाही. टाइल बसवतानाच भिंतीलगत थर्माकोलची 6 ते 8 मिमीची पट्टी उभी लावावी आणि काम वाळल्यावर ती ओढून काढावी. फटीत पडलेला माल जुन्या ब्लेडने खरवडून साफ करावा. ही फट रिकामीच राहू द्यायची. स्कर्टिंगची टाइल 9 मिमी आणि तिच्या मागचा अढेसिव्ह (टाइल चिकटवायचा तयार माल) 3 मिमी, असे 12 मिमी भिंतीपासून पुढे येतात आणि फट झाकली जाते.

स्कर्टिंग फक्त भिंतीला चिकटवायचं, फरशीला नाही. पट्टीखाली 2 मिमीचे स्पेसर ठेवून ती बसवा आणि दुसऱ्या दिवशी स्पेसर काढून घ्या. राहिलेल्या रेषेत व्हाइट सिमेंट किंवा ग्राउट (सांधे भरायची पावडर) नको, तिथे न्यूट्रल सिलिकॉन किंवा अ‍ॅक्रिलिक सीलंटच (वाळल्यावरही लवचिक राहणारा भराव) हवा. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, सीलंटची नळी एका हाताने सलग ओढा, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरवा आणि सीलंट ओला असतानाच टेप काढा. सीलंट वाळल्यावर टेप काढली तर त्याची कड फाटते.

आताची दुरुस्ती अशी करा. उचललेली ओळ काढा आणि बाकीच्या टाइल्स नाण्याने ठोकून पाहा. बद्द आवाज देणाऱ्याही काढा. स्कर्टिंग काढून चार इंची ग्राइंडरने कडेचं सिमेंट मोकळं करा. नवीन टाइल अढेसिव्हवर, पाठ पूर्ण भरून बसवा. चार कोपऱ्यांना आणि मध्ये ढेकळं ठेवून बसवलेली टाइल पुन्हा पोकळच राहील.

प्रश्न : एका खोलीला स्कर्टिंगसाठी किती टाइल्स लागतील? मिस्त्री रंगावरच चिकटवतो म्हणतात, ते चालेल का? शेजारच्या घरात वरची कड खडबडीत दिसते, तसं आमच्याकडे नको आहे.
– एक वाचक, पाचोरा

उत्तर : दोन फुटी टाइलच्या चार इंची सहा पट्ट्या निघतात. 600 मिमीमधून पाच कापांत साधारण 10 मिमी जातात, म्हणजे पट्टी 98 मिमीची. एका टाइलमागे 12 फूट लांबी मिळते. 10 बाय 12 च्या खोलीचा घेर 44 फूट. तीन फुटांचं दार वजा केलं तर 41 फूट, म्हणजे चार टाइल्स. कोपरे आणि तुटफूट धरून पाच घ्या, आणि फरशीच्याच लॉटमधल्या घ्या. नंतर आणलेल्या टाइलची छटा हमखास वेगळी निघते.

वरची कड खडबडीत दिसते, कारण ती मशीनने कापलेली असते. सहा पट्ट्यांपैकी कारखान्याची कड फक्त दोन टोकांच्या पट्ट्यांना मिळते. त्या दर्शनी भिंतीला वापरा आणि कारखान्याची बाजू वर ठेवा. बाकीच्यांच्या कडा ग्राइंडरला पॉलिश पॅड लावून घासून घ्या, बसवायच्या आधीच. बाहेरच्या कोपऱ्याला दोन्ही पट्ट्यांना 45 अंशांचा काप मारा, पण टोकाला 1 मिमी जाडी ठेवा. अगदी धारदार टोक खाट सरकवताना पहिल्याच धक्क्याला उडतं. आतल्या कोपऱ्यात एक पट्टी दुसरीला टेकवली की पुरे.

रंगावर चिकटवायला साफ नकार द्या. पट्टी रंगाला चिकटते, रंग पुट्टीला आणि पुट्टी भिंतीला जेमतेम. काही महिन्यांनी पट्टी सुटते तेव्हा तिच्या पाठीला पुट्टीचा पापुद्रा स्पष्ट दिसतो. प्लास्टर दिसेपर्यंत खरवडा, छिन्नीने टाचे मारून पृष्ठभाग खडबडीत करा, धूळ झाडून भिंत ओली करा. टाइलच्या पाठीवरची पांढरी पावडरही ओल्या फडक्याने पुसा. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे नुसती सिमेंटची स्लरी (पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट) तिला धरत नाही. टाइप 2 किंवा त्यावरच्या प्रतीचा अढेसिव्ह घ्या, प्रत पिशवीवर पाहा. एका खोलीला पाच-सहा किलो पुरतो, म्हणजे 20 किलोच्या पिशवीत तीन खोल्या होतात. एप्रिल-मेमध्ये काम सकाळी उरका आणि माल थोडाथोडा कालवा. उन्हात त्यावर लवकर साय धरते, आणि साय धरलेल्या मालावर टाइल बसत नाही.

प्रश्न : आमचं जुनं धाब्याचं घर आहे, भिंती मातीच्या. फरशी नंतर बसवली. स्कर्टिंग दरवर्षी सुटतं, वर खार फुटतो. फरशी आणि भिंतीत अर्ध्या इंचाची फट पडली आहे, तिथून उंदीरही येतात.
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : मातीच्या भिंतीला टाइलचं स्कर्टिंग करू नका. सिमेंट मातीला धरत नाही. त्यात जमिनीतली ओल टाइलमुळे खाली कोंडते आणि तिच्या वर चढून बाहेर पडते, म्हणून खार नेमका स्कर्टिंगच्या वर फुटतो. त्याऐवजी तळाशी सहा इंच चुन्याचा गिलावा करा, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू, वर चुन्याचाच रंग. दर वर्ष-दोन वर्षांनी हात फिरवावा लागेल, पण भिंत श्वास घेईल. बाहेरच्या बाजूला पावसाचं पाणी भिंतीपाशी साचत असेल तर आधी तो उतार काढा.

फटीचं कारण बहुधा जोत्यातली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. फटीशेजारी पेन्सिलची खूण करून ऑगस्टमध्ये आणि मेमध्ये मोजा. फट ऋतूप्रमाणे कमीजास्त होत असेल तर सिमेंट मुळीच भरू नका. उन्हाळ्यात भरलेलं सिमेंट पावसाळ्यात माती फुगली की भिंतीला रेटतं. आधी भांडी घासायची तारेची घासणी कोंबा, तिच्याने उंदीर अडतात. त्यावर फोमची दोरी आणि वर सीलंट.

फट सतत वाढतच असेल तर जमीन खचते आहे. मग फरशी काढून फूट-दीड फूट काळी माती उपसा आणि मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून धुमसाने ठोकून भरा. त्यावर 1:4:8 चं (एक भाग सिमेंट, चार वाळू, आठ खडी) तीन-चार इंच काँक्रीट आणि मग फरशी. खर्चाचं काम आहे, पण त्याआधी केलेलं कडेचं कुठलंही काम टिकणार नाही.

प्रश्न : स्कर्टिंग चार इंच ठेवावं की सहा?
– एक वाचक, शहादा

उत्तर : खोल्यांना चार पुरे. ओट्यावर, मोरीलगत आणि कापूस साठवता त्या खोलीत सहा ठेवा, तिथे धुण्याचं पाणी आणि पोत्यांची घासाघीस वरपर्यंत लागते. दाराच्या चौकटीपाशी पट्टी 2 मिमी आधी थांबवून तिथेही सीलंट भरा. लाकडी चौकट पावसाळ्यात फुगते.