वाचकांचे प्रश्न : नोट्स दिसतात, पण वाचता येत नाहीत

प्रश्न : माझी मुलगी पूर्ण अंध असून एका विद्यापीठाचा अर्थशास्त्राचा एम. ए. अभ्यासक्रम घरून ऑनलाइन करते आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर ती शाळेपासून सराईतपणे वापरते. परंतु विद्यापीठाच्या मराठी नोट्स उघडल्या की ते निरर्थक इंग्रजी अक्षरे उच्चारू लागते आणि काही फायलींवर तर गप्पच राहते. व्हिडिओ व्याख्याने आणि वेळ लावलेल्या चाचण्या यांतही तिची अडचण होते. लॅपटॉप बदलून पाहा, असे आम्हांला सांगण्यात आले. बदलावा का?
— एक पालक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : बदलू नये. आपण सांगितलेली लक्षणे पाहता दोष फायली तयार करण्याच्या पद्धतीत दिसतो, आणि त्याची खातरजमा घरीच करता येते. नोट्समधील एखादा शब्द कॉपी करून मोबाइलवरील संदेशाच्या चौकटीत पेस्ट करावा. ‘भारत’ या शब्दाच्या जागी एच, के, के, जे, आर अशी अक्षरे उमटली, तर मजकूर कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. अशा फाँटमध्ये संगणकापाशी इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात आणि त्यांना देवनागरीचे केवळ आकार दिलेले असतात. डोळस वाचकाला आकार दिसतो, वाचक सॉफ्टवेअरच्या हाती मात्र मूळ अक्षरे लागतात. आपल्याकडे कृतिदेववर हात बसलेले टंकलेखक अजूनही पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून चालत आलेली फाइल तपासल्याशिवाय अभ्यासक्रमात चढवणाऱ्यांकडे खरी जबाबदारी जाते. शब्द निवडताच येत नसेल, तर ते पान म्हणजे स्कॅन केलेले चित्र असते. गप्प राहणाऱ्या फायलींचे कारण बहुधा हेच असावे.

त्यामुळे ‘नोट्स वाचता येत नाहीत’ एवढीच तक्रार न करता, युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, रूपांतरित केलेली आणि शीर्षके नीट आखलेली मूळ वर्ड फाइल मागावी. रूपांतर करणारी साधने मोफत मिळतात, परंतु जोडाक्षरे आणि रफार बिघडतात. म्हणून एकदा मुद्रितशोधन विद्यापीठानेच करून द्यावे, असे अर्जात लिहावे. स्कॅन केलेल्या पानांतून मजकूर काढणारी साधनेही मराठी बऱ्यापैकी ओळखतात, मात्र तक्ते आणि आकडे यांत ती भरवशाची नाहीत, आणि अर्थशास्त्रात नेमके तेच महत्त्वाचे असतात.

व्हिडिओंतील अडचण बहुधा प्राध्यापकांच्या बोलण्यात असावी. ‘ही रेषा इथून इकडे सरकली’ हे वाक्य आपल्या मुलीला काहीच सांगत नाही. ‘मागणीचा वक्र उजवीकडे सरकला आणि किंमत वाढली’ हे वाक्य तिला पुरते, आणि ते डोळस विद्यार्थ्यालाही अधिक चांगले समजते. यासाठी पैसा लागत नाही. चाचण्यांबाबत, केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत लेखी परीक्षेसाठी तासामागे किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितला आहे. त्याचा हवाला देऊन ऑनलाइन चाचणीतही वेळ वाढवून मागावा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रमात आणि परीक्षापद्धतीत योग्य बदल करण्याची, तर कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर सुगम असण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काशी जोडला. यांचा उल्लेख करून विद्यापीठाकडे लेखी अर्ज करावा. अर्जासोबत पेस्ट केलेल्या त्या अक्षरांचा स्क्रीनशॉट जोडावा आणि पोच घ्यावी. तेथे दाद न मिळाल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे, परंतु अर्ज टपालाने पाठवता येतो.