राज्याचा मंत्री महापौर होऊ शकतो का? कोलकात्याचे फिरहाद हकीम आधी मंत्री होते ना?

हो, होऊ शकतो. आणि हकीम यांनी त्यासाठी मंत्रिपद सोडलंही नव्हतं. नोव्हेंबर 2018 मध्ये महापौर शोभन चटर्जी यांनी राजीनामा दिला, तेव्हा नगरविकास खातं सांभाळणारे हकीम साधे नगरसेवकही नव्हते. मग विधानसभेने कोलकाता महापालिका कायदाच बदलला: नगरसेवक नसलेल्यालाही महापौर करता येईल, मात्र सहा महिन्यांत निवडून यायला हवं. डिसेंबरमध्ये ते महापौर झाले आणि जानेवारी 2019 मध्ये प्रभाग 82 ची पोटनिवडणूक जिंकले. (कायदा एका माणसाच्या मापाने शिवला, ही टीका तेव्हा झालीच, आणि ती मला पटते.) याला पदावनती म्हणता येणार नाही. तिथे महापौर आणि त्याची परिषद खरोखर कारभार चालवतात. सुब्रत मुखर्जी तर 1970 च्या दशकात राज्यात मंत्री, 2000 ते 2005 महापौर आणि 2011 नंतर पुन्हा मंत्री होते.

फक्त हा हिशेब महाराष्ट्राला लावू नका. इथे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आणि महापौरपद अडीच वर्षांचं, त्यामुळे आपल्याकडचा प्रवास बहुधा उलटा, महापालिकेतून मंत्रालयाकडे होतो.